डॅशबोर्डाला झोल का पडतो?

जुनी स्पोर्ट्‌स कार बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो, मग गुडघ्यावर बसून खालचा पत्रा किती गंजलाय ते पाहतो, दारं उघडून-लावून त्यांचा आवाज ऐकतो. सगळं ठीक निघतं. मग तो आत बसतो आणि समोर नजर जाते. डॅशबोर्ड मधोमध खाली उतरलेला असतो. पुढच्या काचेजवळ बोट जाईल एवढी फट, मीटरांभोवती चिरा, रेडिओच्या वरचा भाग दबलेला. पन्नास वर्षांत इंजिन कोट्यवधी वेळा फिरलं, चाकांनी खड्डे खाल्ले, दारं हजारो वेळा आपटली. ते सगळे भाग दुरुस्त होत होत का होईना, टिकले. आणि ज्याला कुणाचा धक्का लागला नाही, ज्यावर फार तर गॉगल किंवा पार्किंगची पावती ठेवली गेली, तोच भाग खचला. असं का व्हावं?

याचं उत्तर नीट कळलं नाही तर दुरुस्तीही फसते. वरून पुट्टी भरून, रंग मारून चकचकीत केलेला डॅशबोर्ड काही उन्हाळ्यांत पुन्हा खाली बसतो, कारण खचलेला थर वरचा नसतोच. म्हणून हत्यारं हातात घेण्याआधी हा डॅशबोर्ड बनतो कसा आणि म्हातारा होतो कसा, ते पाहू.

पत्र्याच्या जागी मऊ गादी

१९६० च्या दशकापर्यंत बहुतेक स्पोर्ट्‌स कारचा डॅशबोर्ड म्हणजे रंगवलेला पत्रा नाहीतर लाकडाची फळी. त्यात भोकं पाडून मीटर बसवलेले. पत्रा गंजेल, लाकडाचं पॉलिश उडेल, पण झोल पडायचा नाही. मात्र अपघातात डोकं त्यावर आपटलं की जबर इजा व्हायची. अमेरिकेत राल्फ नेडर यांचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक १९६५ साली आलं, १९६६ मध्ये वाहन सुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला आणि १ जानेवारी १९६८ पासून गाडीच्या आतल्या भागांवर आपटून होणारी इजा कमी करण्याचं मानक लागू झालं. ज्यांना अमेरिकेत गाड्या विकायच्या होत्या त्या सगळ्यांना डॅशबोर्ड मऊ करावा लागला. इंग्लंडमधली एमजीबी १९६२ पासून पत्र्याच्या डॅशबोर्डानं निघत होती. १९६८ च्या अमेरिकी मॉडेलसाठी तिला फुगीर, गादीचा डॅशबोर्ड दिला गेला. गाडी ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात बनायची, म्हणून शौकीन लोक त्या डॅशबोर्डाला आजही ‘ॲबिंग्डनची उशी’ म्हणतात.

मऊपणाची किंमत टिकाऊपणात मोजावी लागली, आणि ती सगळ्यात ठळक दिसते डॅटसन २४०-झेडमध्ये. ही दोन आसनी कूपे ऑक्टोबर १९६९ मध्ये जपानमध्ये फेअरलेडी झेड या नावानं आली आणि लगोलग अमेरिकेत २४०-झेड म्हणून विकली जाऊ लागली. २,३९३ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, लांबलचक बॉनेट आणि ३,५२६ डॉलर एवढी किंमत. निस्सानचा अमेरिकेतला कारभार सांभाळणारे युताका कातायामा यांनी तिच्यासाठी फार आग्रह धरला होता. गाडी नाजूक मुळीच नव्हती. आफ्रिकेतली सफारी रॅली, म्हणजे चिखल, धूळ आणि दगड यांतून हजारो किलोमीटरची शर्यत, तिनं १९७१ आणि १९७३ साली जिंकली. १९७३ ला चाकामागे होता युगांडात जन्मलेला, भारतीय वंशाचा शेखर मेहता. त्याचं नाव आपल्याकडे जितकं घेतलं जायला हवं तितकं घेतलं जात नाही.

अशा दणकट गाडीचा डॅशबोर्ड मात्र मूळ अवस्थेत, एकही चीर नसलेला, सापडणं हे तिच्या चाहत्यांमध्ये भाग्याचं समजलं जातं. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत तो एकच अखंड तुकडा आहे. ड्रायव्हरसमोर दोन मोठे मीटर, मधोमध तीन छोटे, आणि प्रत्येकावर खोल छज्जा, ऊन पडून काटे दिसेनासे होऊ नयेत म्हणून. आतून पाहिलं तर तळाशी पोलादी सांगाडा, त्यावर युरेथेन फोम आणि सगळ्यात वर विनाइलचं, म्हणजे आपल्या बोलीत रेक्झिनसारखं, पातळ आवरण. पुढे अनेक गाड्यांमध्ये पोलादी सांगाड्याची जागा प्लास्टिकच्या पाठीनं घेतली. वजन घटलं, घडवणं सोपं झालं. खरा झोल पडतो तो मुख्यतः या प्लास्टिकच्या पाठीच्या डॅशबोर्डांना. पोलादी सांगाड्याच्या डॅशबोर्डांत फोम दबतो, आवरण फाटतं आणि वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

काचेमागचं ऊन

उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्ड किती तापतो? अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या टेम्पे शहरात संशोधकांनी हे मोजलं आणि २०१८ साली प्रसिद्ध केलं. उन्हाळ्याच्या दिवसांत, पारा चाळिशीच्या आसपास असताना, तासभर उन्हात उभ्या गाड्यांमधली हवा सरासरी ४७ अंश सेल्सिअसपर्यंत गेली. सीट ५१, स्टिअरिंग ५३ आणि डॅशबोर्ड ६९ अंश. नागपूर-जळगावच्या वाचकाला हे पटवून द्यावं लागणार नाही.

डॅशबोर्डच सर्वांत जास्त का तापतो? काच सूर्याचा प्रकाश आणि त्यासोबतच्या उष्णतेचा मोठा भाग आत येऊ देते. काळा पृष्ठभाग तो शोषून घेतो आणि तापल्यावर स्वतः उष्णता फेकू लागतो. पण ही उष्णता वेगळ्या, लांब लहरींची असते. तिच्यासाठी काच भिंतीचं काम करते. गरम झालेली हवाही बंद गाडीतून बाहेर जाऊ शकत नाही. त्यात स्पोर्ट्‌स कारची पुढची काच बरीच तिरपी, जवळजवळ डॅशबोर्डावर ओणवलेली. सीटवर छपराची सावली पडते, डॅशबोर्डावर पडत नाही.

बरेच जण सगळा दोष अतिनील किरणांना देतात. ते पुरतं खरं नाही. पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून बनवलेली असते आणि तो पापुद्रा अतिनील किरणांचा बहुतांश भाग अडवतो. मुख्य गुन्हेगार उष्णता आहे. रोज तापणं आणि रोज थंड होणं, वर्षानुवर्षं.

आवरण आखडतं

विनाइल म्हणजे पीव्हीसी. शुद्ध पीव्हीसी कडक असतं, घरातले पाण्याचे पाइप त्याचेच. ते मऊ करायचं तर त्यात एक तेलकट द्रव्य मिसळावं लागतं, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. मऊ विनाइलमध्ये त्याचं प्रमाण अनेकदा वजनाच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतं. पीव्हीसीच्या लांब साखळ्यांच्या मध्ये हे द्रव्य शिरून बसतं, त्यामुळे साखळ्या एकमेकींवरून सहज घसरतात आणि पदार्थ लवचिक राहतो. पण ते साखळ्यांना रासायनिक बंधानं जोडलेलं नसतं. उष्णता मिळाली की थोडं थोडं पृष्ठभागाकडे सरकतं, उडून जातं आणि थंड काचेवर बसतं. गाडीच्या पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला चिकट, धुरकट थर जमतो आणि कितीही पुसला तरी पुन्हा येतो, त्यात या द्रव्याचा मोठा वाटा असतो.

द्रव्य गेलं की आवरणाचं आकारमानही घटतं. आवरण आखडू लागतं. पण त्याच्या कडा खाली पक्क्या असतात आणि पाठीमागे फोम चिकटलेला असतो, त्यामुळे त्याला आखडायला जागा नसते. ते ताणलं जातं. लवचिक होतं तोवर ताण सोसत होतं, आता कडकही झालेलं असतं. मग ते फाटतं, आणि फाटतं ठरलेल्या जागी, मीटरच्या छज्ज्याच्या कोपऱ्यात, हवेच्या झरोक्याच्या टोकाला, स्पीकरच्या जाळीच्या भोकाजवळ. कुठलीही ताणलेली चादर भोकापाशी आणि तीव्र कोपऱ्यापाशी सर्वांत जास्त ताण झेलते. चीर पडली की तिच्या टोकाशी ताण आणखी एकवटतो आणि ती पुढे धावते.

जुनी चीर हातानं चाचपून पाहावी. तिचे दोन्ही ओठ सपाट नसतात, वर वळलेले असतात, नखाला कडक लागतात. आवरणाचा वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त आखडलेला असतो म्हणून ते वर वळतं. हे वळलेले ओठ दाबून, गोंद लावून खाली बसवायचा प्रयत्न हमखास फसतो.

फोम विरतो

आवरणाखालच्या फोमचं म्हातारपण वेगळं. हवेतला प्राणवायू, उष्णता आणि फोमच्या जातीनुसार दमटपणा त्याच्या साखळ्या तोडतो. आधी तो पिवळसर तपकिरी होतो, मग दाबला की परत वर न येणारा, आणि शेवटी बोटांवर तपकिरी पीठ यावं इतका ठिसूळ. या प्रवासात त्याची पकड सुटते. कुठे सांगाड्यापासून, कुठे आवरणापासून. मग वरचा पृष्ठभाग एके ठिकाणी फुगतो आणि शेजारी खड्डा पडतो.

फोम आणि विनाइल एकमेकांचं आयुष्य कमी करतात, हेही सांगायला हवं. फोम बनवताना त्याची रासायनिक क्रिया वेगानं व्हावी म्हणून अमाइन वर्गातली रसायनं वापरतात. त्यांचे अंश उरतात आणि उष्णतेत विनाइलवर हल्ला करतात. दुसऱ्या बाजूनं विनाइलमधलं तेलकट द्रव्य जसं काचेकडे उडतं तसं फोममध्येही झिरपतं. दोन चांगले पदार्थ एकत्र आणले की एक चांगली वस्तू होते, असं दर वेळी होत नाही.

वजन थोडं, पण सतत

आता खऱ्या झोलाकडे. प्लास्टिकची पाठ असलेल्या डॅशबोर्डावर वजन असतं तरी किती? मीटर, तारांचा जुडगा, रेडिओ, झरोके आणि स्वतःचं अंग. एका दिवसात ते काहीच बिघडवू शकत नाही. पण घरातली पुस्तकांची लांब फळी आठवा. पहिल्या दिवशी ती सरळ असते. काही वर्षांनी मध्ये वाकते आणि सगळी पुस्तकं काढून घेतली तरी सरळ होत नाही. पेलवेल एवढंच वजन दीर्घकाळ राहिलं की पदार्थाच्या आत साखळ्या हळूहळू जागा सोडतात आणि नवी जागा हीच आपली जागा मानतात. अभियांत्रिकीत याला क्रीप म्हणतात. तापमान वाढलं की हा वेग कैक पटींनी वाढतो. डॅशबोर्डाच्या पाठीसाठी वापरलं जाणारं एबीएस प्लास्टिक साधारण १०५ अंशांच्या सुमाराला मऊ पडतं. ६९ अंश त्याच्या फार खाली नाहीत आणि गडद डॅशबोर्ड कडक उन्हात त्याहून वर जाऊ शकतो. रोज दुपारी थोडं वाकायचं आणि रात्री थंड होऊन त्याच आकारात कडक व्हायचं, असा हा क्रम चालतो.

दुसरं कारण आधारांचं. दोन टोकांवर टेकलेली पट्टी स्वतःच्या वजनानं किती वाकेल, हे टेकूंमधल्या अंतराच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. अंतर दुप्पट झालं तर वाक सोळापट. म्हणजे डॅशबोर्डाच्या मध्यावर एक ब्रॅकेट होता आणि कधीतरी हीटर किंवा रेडिओचं काम करताना तो परत लावायचा राहिला, तर मधला झोल सोळापटीनं वाढायला वाट मोकळी झाली. जुन्या गाड्यांत हे सर्रास दिसतं. डॅशबोर्डाच्या झोलाची सुरुवात कित्येकदा डॅशबोर्डात नसतेच, एका हरवलेल्या स्क्रूत असते.

तिसरं कारण बहुतेक दुरुस्तीवाले विचारातच घेत नाहीत. तापल्यावर सगळे पदार्थ वाढतात, पण सारखे नाही. सव्वा-दीड मीटरच्या मधला, धरा १.३ मीटर लांब डॅशबोर्ड ५० अंशांनी तापला तर पोलाद सुमारे पाऊण मिलिमीटर वाढतं आणि एबीएस सुमारे ५ मिलिमीटर. प्लास्टिकची दोन्ही टोकं घट्ट आवळलेली असतील तर हे ५ मिलिमीटर जातील कुठे? ते वर फुगण्यात नाहीतर खाली बसण्यात जातात. वजन आधीच खाली ओढत असतं, त्यामुळे दिशा ठरलेली असते.

चौकट : सोडवण्याआधी निदान

लांब सरळ पट्टी डॅशबोर्डावर आडवी ठेवा आणि खालची फट मोजून लिहून ठेवा.

मधला भाग तळव्यानं खालून हलकेच वर उचला. सहज वर आला आणि सोडल्यावर परत बसला, तर आधाराचा ब्रॅकेट किंवा स्क्रू सुटलेला आहे. अर्ध्या तासाचं काम.

उचललाच जात नाही, पण आकार मात्र वाकलेला आहे, तर पाठीला क्रीप झालेलं आहे. डॅशबोर्ड बाहेर काढावा लागेल.

वरून अंगठ्यानं दाबल्यावर करकर आवाज येतो, खड्डा तसाच राहतो, शेजारचा भाग पोकळ वाजतो, तर फोम गेलेला आहे.

एकाच डॅशबोर्डात तिन्ही दुखणी असू शकतात. दुरुस्ती नेहमी खालून वर, आधार, पाठ, फोम आणि मग आवरण.

बाहेर काढताना

आधी बॅटरीची तार सोडवा. प्रत्येक जोडाचा फोटो घ्या आणि तारेला चिठ्ठी बांधा. पन्नास वर्षांच्या तारांवरचं रबर-प्लास्टिकही त्याच उष्णतेत म्हातारं झालेलं असतं, ओढलं की तुटतं. म्हणून जोड सोडवताना तार धरायची नाही, जोड धरायचा. मीटर, हवेच्या नळ्या, स्पीडोमीटरची केबल, स्टिअरिंगच्या दांड्याचे बोल्ट, हे सगळं आधी सुटलं पाहिजे. डॅशबोर्ड अडला तर जोर लावू नये. कुठेतरी एक स्क्रू राहिलेला असतो, बहुधा कोपऱ्यात, काचेच्या खाली, दिसणार नाही असा.

बाहेर आल्यावर जाड गोधडी अंथरून तो पालथा ठेवा. छज्ज्यांवर वजन येता कामा नये, त्यांच्या दोन्ही बाजूंना टेकू द्या. पोलादी सांगाडा असेल तर गंज आणि वेल्डिंगच्या सांध्यांतल्या भेगा पाहा. वेल्डिंग करायचं झालं तर आसपासचा फोम आधी पूर्ण काढावा लागतो. जळत्या युरेथेन फोममधून हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात, त्यात कसलीही सवलत नाही.

वाकलेली पाठ सरळ करणं

प्लास्टिक उष्णतेनं वाकलं, तर उष्णतेनंच सरळ होतं. फक्त या वेळी ते आपल्याला हव्या त्या आकारात थंड झालं पाहिजे. त्यासाठी फर्मा लागतो. डॅशबोर्डाचा जो भाग अजून शाबूत आहे त्याचा आकार पुठ्ठ्यावर उतरवायचा आणि त्यावरून प्लायचे आडवे-उभे तुकडे कापून टेकू बनवायचे. या कामात घाई झाली की पुढचं सगळं वाकडं होतं, म्हणून माझ्या मते सर्वांत जास्त वेळ फर्म्यालाच द्यावा.

हीट गन लांबून, सतत फिरती ठेवून पाठीचा वाकलेला पट्टा मागच्या बाजूनं तापवायचा. हाताचा अंदाज इथे चालत नाही. तापमापी जवळ ठेवा आणि एबीएसला ८०-९० अंशांच्या पुढे नेऊ नका. वरचं विनाइल त्याआधीच चमकायला किंवा सुटायला लागलं तर थांबा. पाठ लवू लागली की फर्म्यावर बसवून रुंद फळी ठेवा, क्लॅम्पनं हळूहळू आवळा. प्लास्टिक सोडल्यावर थोडं मागे येतं, म्हणून सरळ रेषेच्या किंचित पलीकडे न्यावं लागतं. मग रात्रभर तसंच. पंखा लावून थंड करण्याचा मोह टाळावा. एक बाजू आधी थंड झाली तर नवा पीळ पडतो.

खालून आधार

सरळ झालेली पाठ तशीच परत बसवली तर पुढचा उन्हाळा तिला पुन्हा वाकवेल. तिला ताठ करायला हवं. पट्टीचा ताठपणा तिच्या उंचीच्या तिसऱ्या घातानं वाढतो. उंची दुप्पट तर ताठपणा आठपट. म्हणून पाठीमागे सगळीकडे जाड थर थापण्यापेक्षा उभ्या धारेची एक बारीक फासळी कितीतरी जास्त काम करते आणि वजनही वाढवत नाही. ॲल्युमिनिअमची पट्टी उभी ठेवून किंवा छोटा अँगल वापरून ही फासळी बनवता येते.

तिला जोडायला फायबरचं कापड आणि एपॉक्सी. मागची बाजू पॉलिश पेपरनं खरबरीत करायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, मग कापडाचे दोन-तीन थर. आपल्याकडे फायबरच्या कामाला सर्रास वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन इथे टाळावं. त्यातलं स्टायरीन एबीएसला मऊ करतं, आणि सुकताना ते एपॉक्सीपेक्षा जास्त आखडतं. आखडणाऱ्या थरानं आपण आत्ताच सरळ केलेली पाठ पुन्हा ओढून घ्यावी, यासारखं दुर्दैव नाही.

मघाच्या ५ मिलिमीटरचा हिशेब आता करायचा. फासळी एपॉक्सीनं फक्त मध्यभागी पक्की करावी, दोन्ही टोकांकडे मात्र ती न चिकटवता स्क्रूनं धरावी, तिची भोकं लांबट ठेवावीत आणि स्क्रूखाली रुंद वायसर द्यावा. मग प्लास्टिक तापल्यावर लांबीत सरकू शकतं, खाली मात्र येऊ शकत नाही. गाडीच्या अंगाला डॅशबोर्ड जिथे बसतो तिथेही हेच.

एक बंधन पाळलंच पाहिजे. गादीचा डॅशबोर्ड माणसाच्या डोक्यासाठी बनला होता. फासळीची धार माणसांच्या बाजूला, वरच्या मऊ कडेच्या लगेच मागे येता कामा नये. तिची जागा पुढच्या काचेच्या बाजूला, खोलवर.

चिरा आणि खड्डे

चिरेचे वर वळलेले ओठ वाचवायचे नसतात, कापायचे असतात. धारदार पातीनं दोन्ही बाजूंनी उतरता छेद घेऊन खोबण करायची, सपाट आणि अजून लवचिक असलेल्या विनाइलपर्यंत मागे जायचं. चीर जिथे संपते तिथे छोटं गोल भोक पाडलं की टोकाशी एकवटलेला ताण वाटला जातो आणि ती पुढे धावत नाही. ठिसूळ फोम खरवडून काढायचा, पीठ उरता कामा नये. त्यावर काहीही चिकटत नाही.

भरायला दोन भागांचा, मिसळल्यावर जमणारा लवचिक युरेथेन फोम उत्तम. दुकानात मिळणारा डब्यातला फवाऱ्याचा फोम हवेतल्या ओलाव्यावर जमतो. खोल पोकळीत ओलावा पोहोचत नाही, आतला भाग कच्चा राहतो आणि नंतर कधीतरी फुगून वर उंचवटा आणतो. तोच वापरायचा असेल तर पातळ थरांत, प्रत्येक थर पूर्ण जमू देऊन. वर लवचिक फिलर, गाडीच्या पत्र्यावर मारतात ती पुट्टी नाही. पत्र्याची पुट्टी कडक असते, डॅशबोर्ड रोज हलतो, ती कडेनं सुटते. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, १८०, ३२०, आणि हातानं चाचपणं. उजेडात न दिसणारा खड्डा बोटांना कळतो.

मूळ आवरणावर चामड्यासारखी दाणेदार नक्षी असते. ती फवाऱ्याच्या टेक्स्चरनं जवळपास आणता येते आणि त्यावर विनाइलसाठीचा लवचिक रंग. नीट पाहणाऱ्याला जोड कळेल. मला त्यात कमीपणा वाटत नाही. मूळ तुकडा गाडीत राहिला ही त्याहून मोठी गोष्ट आहे.

आवरण बदलायचं असेल तर

संपूर्ण आवरणच गेलं असेल तर तीन वाटा. सीट-कुशनचं काम करणारा चांगला कारागीर ताणता येणारं विनाइल किंवा चामडं चढवू शकतो, पण २४०-झेडसारखे खोल छज्जे असले तर शिवण घ्यावीच लागते. दुसरी वाट खास कारखान्यांची. ते जुना फोम काढून सांगाड्यावर नवा ओततात, तापवलेला विनाइलचा तक्ता त्यावर ठेवून खालून हवा शोषून घेतात आणि आवरण प्रत्येक खोबणीत चपखल बसतं. खर्च मोठा, निकाल नव्यासारखा. तिसरी वाट म्हणजे तयार मिळणारं कडक प्लास्टिकचं कवच जुन्या डॅशबोर्डावर सिलिकॉननं चिकटवणं. रोज चालवायच्या गाडीला ते एक वेळ चालेल. दुर्मीळ गाडीला ते लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. खालची झीज चालूच राहते, दिसत मात्र नाही, आणि पुढे ते काढताना मूळ आवरण सोबत सोलून निघतं.

चकाकी आणणारी सिलिकॉनयुक्त पॉलिश डॅशबोर्डावर वर्षानुवर्षं चोपडलेली असेल तर कुठलाही रंग किंवा गोंद लावण्याआधी ती खूप मेहनतीनं धुवावी लागते, नाहीतर रंग फाटून माशाच्या डोळ्यांसारखे गोल ठिपके उमटतात.

हे सगळं एअरबॅग नसलेल्या गाड्यांसाठी. प्रवाशाची एअरबॅग डॅशबोर्डाच्या आत असेल तर तिच्या झाकणाची रेषा ठरावीक जोरानं फाटावी अशी घडवलेली असते. तिथे फायबर, फोम, फिलर किंवा कवच, काहीही लावायचं नाही.

परत बसवताना

तारा जोडून झाल्या की डॅशबोर्ड आवळण्याआधीच बॅटरी लावून प्रत्येक दिवा आणि मीटर चालवून पाहावा. मग मधला आधार आधी घट्ट, आणि तिथून दोन्ही टोकांकडे जायचं. टोकांचे स्क्रू पूर्ण आवळून मग पाव फेरी सैल करावेत, सरकायला जागा राहते. उन्हात उभी करताना काचेमागे चांदीच्या रंगाचा पडदा लावावा. तो प्रकाश डॅशबोर्डावर पडण्याआधीच परत पाठवतो. आणि पहिला कडक उन्हाळा गेल्यावर तीच सरळ पट्टी पुन्हा त्याच जागी ठेवून फट मोजावी. आकडा बदलला असेल तर आधी टोकांचे स्क्रू तपासायचे, कुणीतरी ते घट्ट आवळलेले असतात.